रिस्क असेसमेंटमध्ये 'काळजी घ्यावी' लिहिल्याने यंत्र सुरक्षित होतं का?

कातळवाट
नमस्कार मंडळी. मी उत्पादन विभागात शिफ्ट इंजिनिअर आहे. नुकतंच मला सुरक्षा समितीवर घेतलं आणि पहिलं काम आलं ते विभागाची रिस्क असेसमेंट, म्हणजे 'हिरा'ची शीट, नव्याने भरायचं. जुनी शीट वाचायला घेतली आणि एका ओळीवर अडकलो.

ओळ अशी. काम: चालू कन्व्हेयरच्या टेल पुलीजवळ (पट्ट्याच्या मागच्या टोकाच्या पुलीजवळ) साचलेला माल काढणे. धोका: पट्टा आणि पुली यांच्यामध्ये हात ओढला जाणे. तीव्रता ५, शक्यता ३, गुणाकार १५, रंग लाल. उपाय: 'हातमोजे वापरावेत, प्रशिक्षण द्यावे, फलक लावावा, काळजी घ्यावी.' त्यानंतर तीव्रता ५, शक्यता १, गुणाकार ५, रंग हिरवा.

कागदावर लाल ओळ हिरवी झाली. कन्व्हेयरपाशी जाऊन पाहिलं तर पट्टा तोच, पुली तीच, माल तसाच साचतोय आणि माणूस सळई घेऊन तसाच तो काढतोय. मग शक्यता तीनवरून एकवर आली कशामुळे?

अशा ओळी शीटमध्ये भरपूर आहेत. रिस्क असेसमेंट, जेएसए (जॉब सेफ्टी अॅनालिसिस), परमिट (कामाचा परवाना), लोटो (यंत्राची ऊर्जा तोडून कुलूप लावणं), निअर मिस (थोडक्यात टळलेला अपघात) ही सगळी नावं आपण प्रशिक्षणात ऐकतो. ज्यांनी ही साधनं मनापासून वापरली आहेत त्यांनी कृपया सांगावं, त्यांचा खरा उपयोग कसा करून घ्यायचा? आणि या ओळीचं मी काय करू?

आभाळमाया_७
फार गरजेचा धागा. वाचते आहे.

सुतारपक्षी
कातळवाट, आधी त्या ओळीतले हातमोजे खोडा. फिरत्या पुलीजवळ हातमोजा हा स्वतःच धोका आहे. कापडाची कड आधी अडकते आणि तिच्यामागून हात जातो. पट्टा सेकंदाला एक मीटर वेगाने चालत असेल तर पाव सेकंदात तो पंचवीस सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. माणसाला 'अरे' म्हणायला लागतो तेवढ्या वेळात मनगट आत गेलेलं असतं. तिथे काळजी घ्यायला वेळच उरत नाही.

उपाय ठरवताना उतरंड पाळायची असते. सगळ्यात वर: धोका मुळातूनच काढून टाकणे. मग कमी धोक्याचा पर्याय वापरणे. मग यांत्रिक उपाय, म्हणजे गार्ड (फिरत्या भागावरचं आवरण), इन्टरलॉक (गार्ड उघडला की यंत्र थांबवणारी कळ), वायुवीजन. मग नियम, प्रशिक्षण, फलक, पाळ्या बदलणे. सर्वात शेवटी पीपीई, म्हणजे हातमोजे, मास्क अशी अंगावरची साधनं. वरच्या पायऱ्यांवरचा उपाय माणसाचं लक्ष असो वा नसो, काम करतो. खालच्या दोन पायऱ्यांवर सगळं माणसाच्या लक्षावर अवलंबून असतं, आणि तेही दररोज, रात्रपाळीच्या शेवटच्या तासालासुद्धा.

तुमच्या जुन्या शीटमधले चारही उपाय खालच्या दोन पायऱ्यांवरचे आहेत. त्यामुळे शक्यता फारशी हललेली नाही. तीव्रता तर मुळीच नाही, हे त्यांनी बरोबर लिहिलंय.

पहिला प्रश्न हा विचारा: माल तिथे साचतोच का? तो साचायचा थांबला तर माणसाला पुलीजवळ जायचं कारणच उरत नाही.

चक्रधर५५
सुतारपक्षी यांचं म्हणणं पुस्तकात बरोबर आहे, पण मी थोडा वेगळा सूर लावतो. पंचवीसेक वर्षं मेन्टेनन्समध्ये काढली आहेत. गार्ड बसवले की लोक ते काढतात. इन्टरलॉक लावला की त्याला लोखंडाची पट्टी चिकटवून फसवतात. शेवटी माणूसच सुधारायला हवा. हाइन्रिचने १९३१ मध्येच लिहून ठेवलंय की ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे होतात, १० टक्के असुरक्षित परिस्थितीमुळे आणि २ टक्के टाळता न येणारे. माणसाच्या वागण्यावर काम केल्याशिवाय पर्याय नाही. लहान युनिटला दर यंत्रावर इन्टरलॉक परवडतही नाही.

गणिती_गोष्टी
चक्रधर काका, त्या ८८ टक्क्यांबद्दल जरा थांबून विचार करू या. हाइन्रिच विमा कंपनीत काम करत होता. त्याची माहिती आली ती विम्याच्या दाव्यांमधून आणि कारखानदारांकडच्या नोंदींमधून. त्या नोंदी लिहिणारे बहुतेक सुपरवायझर आणि मालक. ज्याचा हात गेला त्याचं म्हणणं त्यात कितपत आलं असेल? शिवाय प्रत्येक अपघाताला एकच कारण द्यायचं अशी विभागणी केली की शेवटी जो यंत्राजवळ उभा होता त्याच्याच नावावर ते जातं. काढलेला गार्ड ही 'कृती' की 'परिस्थिती'? दोन्ही आहे.

त्याचाच दुसरा आकडा म्हणजे १-२९-३०० चा त्रिकोण: एका मोठ्या दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती आणि दुखापत न झालेल्या ३०० घटना. लहान घटनांकडे लक्ष द्या, हा त्यातला बोध मोलाचा आहे. पण त्यावरून लोक असं समजतात की बोट कापणं, पाय मुरगळणं कमी केलं की स्फोटही आपोआप कमी होतील. तसं होत नाही. दोन्हींची कारणं वेगळी असतात.

अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ ला जे झालं ते बघा. टॉवर सुरू करताना तो प्रमाणाबाहेर भरला. पातळी दाखवणारं उपकरण चुकीचं वाचन देत होतं. ज्वालाग्राही द्रव ब्लोडाउनच्या (जादा द्रव-वायू सोडायच्या) धुराड्यातून कारंज्यासारखा बाहेर पडला आणि पेटला. १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. मेलेले सगळे कंत्राटी कामगार, युनिटच्या जवळ ठेवलेल्या ट्रेलरमध्ये आणि त्यांच्या आसपास असलेले. नंतर नेमलेल्या स्वतंत्र समितीचा अहवाल २००७ मध्ये आला. त्यातला एक मुख्य निष्कर्ष असा की कंपनी वैयक्तिक दुखापतींचा दर बघून प्रक्रियेच्या सुरक्षिततेबद्दल निश्चिंत राहिली. दर सुधारत होता आणि टॉवरची अवस्था बिघडत होती.

सुतारपक्षी
+१. आणि काका, परवडण्याबद्दल: गार्ड आणि पट्टा पुसणारा स्क्रेपर यांचा खर्च बऱ्याच ठिकाणी एका दिवसाच्या बंद उत्पादनापेक्षा कमी निघतो. हिशेब मांडून बघायला हवा. न मांडताच 'परवडत नाही' म्हणण्याची सवय आपल्याला लागली आहे.

रेवती_पाळी२
मी ऑपरेटर आहे. अशाच कन्व्हेयरवर काम करते. इथे सगळे इंजिनिअर बोलत आहेत म्हणून माझ्या बाजूने लिहिते.

आम्ही गार्ड का काढतो हे कोणी विचारतच नाही. आमच्या एका यंत्रावर ग्रीसचा निपल (ग्रीस भरायचं तोंड) गार्डच्या आत आहे. दर पाळीत ग्रीस द्यायचं असा नियम. गार्डला आठ बोल्ट. ते खोलायचे, ग्रीस द्यायचं, परत लावायचे, आणि हे सगळं करायला वेगळा वेळ नाही. मग आधी आठचे चार बोल्ट होतात, चारचे दोन, आणि एक दिवस गार्ड भिंतीला टेकवून ठेवलेला दिसतो. वर फलक: 'गार्डशिवाय यंत्र चालवू नये.' ज्याने फलक लावला आणि ज्याने दर पाळीत ग्रीसचा नियम केला, ते दोघे एकमेकांशी कधी बोलले आहेत का?

पुढे एका फिटर दादांनी तांब्याची बारीक नळी टाकून निपल गार्डच्या बाहेर आणला. त्यानंतर तो गार्ड आम्ही कोणी काढलेला नाही. माणूस सुधारला म्हणा हवं तर, पण सुधारली ती जागा.

कातळवाट
रेवतीताई, हे वाचून लगेच उठून आमचा निपल कुठे आहे ते बघून आलो. आतच आहे.

आभाळमाया_७
रेवतीताईंच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली. आमच्या प्रशिक्षणात हा परिच्छेद वाचून दाखवणार.

चक्रधर५५
रेवती, तुझा मुद्दा एकदम मान्य. वागण्यामागे कारण असतं आणि ते यंत्रापाशीच सापडतं. तरीही वागण्याचा मुद्दा मी पूर्ण सोडणार नाही. नळी टाकल्यावरही यंत्र बंद न करता आत हात घालणारे मी पाहिलेत. तिथे लोटो लागतोच आणि लोटो ही शिस्त आहे.

कुलूपकिल्ली
लोटोचं नाव निघालं म्हणून सविस्तर लिहितो. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि याच साधनाबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत.

लाल बटण दाबणं म्हणजे लोटो नव्हे. इमर्जन्सी स्टॉप फक्त कंट्रोल सर्किट तोडतो. मोटरपर्यंत येणारी वीज स्टार्टरच्या वरच्या बाजूला जिवंतच असते, आणि ते बटण कोणीही फिरवून मोकळं करू शकतं. सेन्सर, पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक), रिमोट, कुठूनही यंत्र पुन्हा सुरू होऊ शकतं. कंट्रोल रूमला फोन करून 'बंद ठेवा हं' सांगणं हेही लोटो नव्हे.

लोटो म्हणजे ऊर्जेचा प्रत्येक स्रोत मुळाशी तोडायचा, तिथे स्वतःचं कुलूप लावायचं, आपलं नाव असलेला टॅग लावायचा, साठून राहिलेली ऊर्जा मोकळी करायची, आणि शेवटी यंत्र सुरू करून बघायचं. हा शेवटचा टप्पा लोक गाळतात. चुकीच्या फीडरला कुलूप लावलेलं असतं ते नेमकं इथेच कळतं. बटण दाबलं, यंत्र हललं नाही, बटण परत बंद स्थितीत ठेवलं, मगच हात आत.

कातळवाट, तुमच्या कन्व्हेयरबद्दल विशेष सांगतो. मोटर तोडली म्हणजे काम झालं असं समजू नका. पट्टा चढावर असेल आणि त्यावर माल असेल तर तो मागे घसरू शकतो. पट्टा ताणून धरायला वजन टांगलेलं असेल तर त्या वजनात ऊर्जा आहे. माल अडकून पट्टा ताणला गेला असेल तर अडथळा काढताक्षणी तो झटका देतो. हे सगळं शीटमध्ये त्या यंत्राच्या नावाने लिहून ठेवायला हवं. 'ऊर्जा तोडावी' एवढं लिहून भागत नाही. कुठला ब्रेकर, कुठलं वजन, ते कशाने टेकवायचं, हे फोटोसह हवं.

आणि एक माणूस, एक कुलूप, एक किल्ली. पाच जण काम करत असतील तर पाच कुलपं. 'माझं कुलूप लावलंय, तुम्ही करा काम' हे चालत नाही. जेवणाच्या सुट्टीत पहिला माणूस कुलूप काढून गेला तर उरलेले चार उघड्यावर. अमेरिकेत ओशा या कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेने १९८९ मध्ये यासाठी वेगळं मानक आणलं. त्याच्या मुळाशीही हीच गोष्ट आहे: ज्याचा जीव आत, त्याच्याच खिशात किल्ली.

कातळवाट
कुलूपकिल्ली, ही माहिती सोन्यासारखी आहे. आमच्याकडे सुपरवायझरच्या टेबलावर एकच कुलूप आणि दोन किल्ल्या आहेत. हे बदलायलाच हवं. आता जेएसए आणि परमिट यांत फरक काय ते कोणी सांगेल का? आमच्याकडे तिन्ही कागदांवर तीच वाक्यं असतात.

सुतारपक्षी
थोडक्यात: हिरा पूर्ण विभागासाठी, शांतपणे बसून करायची. जेएसए एका कामासाठी, त्याच्या पायऱ्या पाडून: पहिल्यांदा काय करणार, त्यात काय बिघडू शकतं, मग पुढची पायरी. परमिट म्हणजे आज, या जागी, या वेळेत, या माणसांनी. काल वेल्डिंगला परवानगी होती म्हणून आज नाही, कारण आज शेजारी कोणीतरी सॉल्व्हंटचं ड्रम उघडून ठेवलं असेल. तिन्हींवर तीच वाक्यं असतील तर तिन्ही एकाच खुर्चीत बसून लिहिलेली आहेत.

दीपमाळ
परमिटबद्दल बोलताना पायपर अल्फाची आठवण ठेवायलाच हवी. नॉर्थ सीमधला तेलाचा प्लॅटफॉर्म, ६ जुलै १९८८, १६७ जणांचा मृत्यू.

दिवसपाळीत कंडेन्सेट पंप 'ए'चा प्रेशर सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता. मोकळ्या तोंडावर ब्लँक फ्लँज (तोंड बंद करणारी चकती) लावली होती, पण ती घट्ट आवळलेली नव्हती. काम संध्याकाळपर्यंत संपलं नाही. पंपाच्या दुरुस्तीचं एक परमिट होतं आणि व्हॉल्व्हचं वेगळं. रात्री पंप 'बी' बंद पडला आणि सुरू होईना. रात्रपाळीच्या लोकांना पंपाचं परमिट सापडलं, व्हॉल्व्हबद्दल कोणाला कल्पना नव्हती. त्यांनी पंप 'ए' सुरू केला. वायू त्या फ्लँजमधून बाहेर आला आणि पेटला. आग विझवायचे पंप हाताने सुरू करायच्या स्थितीत ठेवलेले होते, कारण पाणबुडे पाण्यात काम करत असत आणि पंप आपोआप सुरू झाले तर ते आत खेचले जाण्याची भीती होती. स्फोटानंतर त्या पंपांपर्यंत कोणी पोचू शकलं नाही.

तिथे परमिटची पद्धत होती. फॉर्म होते, सह्या होत्या. दोन परमिटांचा एकमेकांशी दुवा नव्हता आणि पाळी बदलताना समोरासमोर बोलणं झालं नाही. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० मध्ये आला. त्यात १०६ शिफारशी होत्या. त्यानंतर ब्रिटनच्या हद्दीतल्या प्रत्येक प्लॅटफॉर्मला स्वतःचे धोके आणि त्यांवरचे उपाय सिद्ध करून दाखवणं बंधनकारक झालं.

म्हणून परमिटकडे मी संभाषण म्हणून बघते. देणारा आणि घेणारा दोघं जागेवर उभे राहून बोलले, आणि पाळी बदलताना ते पुन्हा बोललं गेलं, तर त्या सहीला काही अर्थ आहे.

नवखा_प्रवासी
अंगावर काटा आला. शाळेत असताना यातलं काहीही शिकवलं जात नाही.

डॉ_पारिजात
कामगार आरोग्य क्षेत्रात काम करते. इथवरच्या सगळ्या प्रतिसादांत 'सुरक्षा' आली, 'आरोग्य' आलंच नाही, म्हणून लिहिते. अपघात दिसतो, आजार दिसत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२३ मधल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी कामाशी निगडित कारणांनी सुमारे २९ लाख ३० हजार माणसं मरतात. त्यांतले सुमारे २६ लाख आजारांनी आणि ३ लाख ३० हजार अपघातांनी. तरीही कुठल्याही हिरा शीटमध्ये बघा: नव्वद टक्के जागा पडणं, कापणं, अडकणं यांची.

कातळवाट, तुमच्या कन्व्हेयरवर माल पडताना धूळ उडते का? त्या मालात सिलिका असेल तर डोळ्यांना दिसणारी धूळ तुलनेने कमी काळजीची असते. फुप्फुसात खोल जाणारे कण इतके बारीक असतात की ते दिसतच नाहीत. सिलिकोसिसची लक्षणं साधारणपणे दहा-वीस वर्षांनी येतात, आणि तोवर माणूस दुसरीकडे कामाला लागलेला असतो. त्याची नोंद तुमच्या रजिस्टरमध्ये कधीच येत नाही. इथेही उतरंड तीच: माल पडण्याची उंची कमी करा, तोंड झाका, धूळ जागीच शोषून घ्या, पाण्याचा फवारा द्या. मास्क त्यानंतर.

आवाजाचंही तसंच. ८५ डेसिबलला आठ तास ही अनेक ठिकाणी मानलेली मर्यादा. दर ३ डेसिबलने ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून त्या हिशेबाने ८८ ला चारच तास आणि ९१ ला दोन. कानाला ३ डेसिबलचा फरक फार जाणवत नाही. म्हणूनच 'आम्हाला सवय झालीय' हे वाक्य ऐकलं की मी ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) लवकर करून घेते. ती सवय बहुतेक वेळा कमी झालेलं ऐकू येणं असतं.

चक्रधर५५
डॉक्टर, शेवटचं वाक्य वाचून उद्याच तपासणीची वेळ घेतो. आमच्या विभागात 'सवय झालीय' म्हणणारे सगळेच आहेत.

डॉ_पारिजात
जरूर घ्या काका, आणि विभागातल्या सगळ्यांना घेऊन जा.

मधली_सुट्टी
धाग्यावरच टूलबॉक्स टॉक (काम सुरू करण्याआधीची सुरक्षेची छोटी बैठक) सुरू झालाय, फक्त हजेरीपत्रक फिरवायचं राहिलंय. हलके घ्या. :)

मुख्य विषयाकडे: निअर मिसबद्दल कोणी लिहिलं नाही. आमच्याकडे रजिस्टर कोरं आहे आणि साहेब म्हणतात म्हणजे सगळं छान आहे.

गणिती_गोष्टी
कोरं रजिस्टर म्हणजे निअर मिस झाले नाहीत असं नाही, कोणी सांगितले नाहीत. का सांगितले नाहीत ते शोधा. दोन कारणं नेहमी सापडतात. एक, सांगणाऱ्यालाच आधी विचारतात, 'तू तिथे काय करत होतास?' दोन, पूर्वी सांगितलेल्या गोष्टीचं काहीच झालं नाही.

'इतके दिवस अपघात नाही' असा बोर्ड आणि त्यावर बक्षीस असेल तर तिसरंही कारण: एका माणसाच्या टाक्यांमुळे पूर्ण विभागाचं बक्षीस जाणार असेल तर तो टाके गुपचूप घालून येतो.

शिवाय त्या आकड्याला लहान युनिटमध्ये फारसा अर्थही नसतो. हिशेब करू. ५० कामगार, प्रत्येकी वर्षाला सुमारे २००० तास, म्हणजे एक लाख तास. एलटीआयएफआर काढताना दहा लाख तासांमागे किती दुखापतींमुळे कामाचे दिवस बुडाले ते बघतात. वर्षात एक दुखापत झाली तर दर १०, झाली नाही तर ०. यंत्रं, माणसं, पद्धत सगळं तेच असताना केवळ योगायोगाने दर शून्यावरून दहावर जाईल आणि परत येईल. त्या चढउतारावर शाबासकी देणं किंवा कान उपटणं, दोन्ही चूक.

त्याऐवजी हे मोजा: किती निअर मिस आले, त्यांतले किती ठरलेल्या मुदतीत मिटले, आणि मिटवताना किती ठिकाणी वरच्या पायऱ्यांवरचा उपाय झाला. मला सगळ्यांत आवडणारा आकडा हा शेवटचा. 'समज दिली' हा शेरा किती ओळींत आहे आणि 'जागा बदलली' किती ओळींत, एवढं मोजलं तरी विभागाची प्रकृती कळते.

रेवती_पाळी२
याला माझं पूर्ण अनुमोदन. ज्या दिवशी मी सांगितलेला तेलाचा गळका जॉइंट दुसऱ्याच दिवशी बदलला गेला, त्या आठवड्यात आमच्या पाळीतून सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या.

पैलतीर_ऑडिटर
आयएसओ ४५००१, म्हणजे कामाच्या जागच्या सुरक्षा-आरोग्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं ऑडिट करतो, तेव्हा त्या बाजूने दोन शब्द. हे मानक २०१८ मध्ये आलं आणि त्याने ओएचएसएएस १८००१ ची जागा घेतली. त्यात उपायांची उतरंड स्पष्ट आहे आणि कामगारांचा सहभाग ही स्वतंत्र अपेक्षा आहे. म्हणजे रेवतीताईंना न विचारता भरलेली शीट मानकातही बसत नाही.

मी ऑडिटला गेलो की फाइल शेवटी बघतो. आधी यंत्रापाशी जाऊन ऑपरेटरला विचारतो, 'हे काम करताना कशाची भीती वाटते?' मग फाइल उघडून ती भीती तिथे लिहिली आहे का ते बघतो. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरमधल्या त्या रात्री कागदावर संरक्षणाच्या अनेक फळ्या होत्या. प्रत्यक्षात टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि फ्लेअरकडे (वायू जाळणाऱ्या मनोऱ्याकडे) जाणारा पाइपचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. उपाय यादीत असणं आणि त्या घटकेला चालू असणं यांतलं अंतर जागेवर गेल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक साधन इथे आलं नाही: बदलाचं व्यवस्थापन. इंग्लंडमधला फ्लिक्सबरोचा रासायनिक कारखाना, १ जून १९७४. सहा रिअॅक्टरपैकी पाचव्याला तडा गेला म्हणून तो काढून चौथा आणि सहावा तात्पुरत्या पाइपने जोडले. त्या पाइपचं नीट डिझाइन कोणी केलं नव्हतं, आराखडा वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेला होता. तो पाइप फुटला आणि २८ जण गेले. शनिवार होता म्हणून आकडा तेवढ्यावर राहिला. कातळवाट, उद्या तुम्ही निपल बाहेर आणाल, स्क्रेपर बसवाल, तेही बदलच आहेत. बसवण्याआधी 'यामुळे नवीन काय बिघडेल' हा प्रश्न लिहून त्याचं उत्तर द्या. स्क्रेपरचं ब्लेड झिजलं की ते बदलायला कोणीतरी पट्ट्याजवळ जाणारच आहे.

कातळवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या दिवसांत काय झालं ते लिहितो.

दोन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरांना आणि फिटरला घेऊन कन्व्हेयरपाशी उभे राहिलो आणि 'माल इथे का साचतो' एवढंच विचारलं. वर डिस्चार्जला (पट्ट्यावरून माल उतरतो त्या टोकाला) पट्टा पुसणारा स्क्रेपर झिजलेला निघाला. त्यामुळे ओला माल पट्ट्याला चिकटून परत खाली येत होता. शिवाय माल पडतो त्या तोंडाची रबरी झालर फाटलेली, त्यातून बाजूला सांडून परतीच्या पट्ट्यावर पडत होता आणि थेट टेल पुलीत जात होता. ऑपरेटरांना हे कधीपासून माहीत होतं.

नवी ओळ अशी लिहिली आहे: डिस्चार्जचा स्क्रेपर बदलणे आणि त्याची तपासणी मेन्टेनन्सच्या वेळापत्रकात टाकणे. झालर बदलणे. टेल पुलीच्या आधी परतीच्या पट्ट्यावर व्ही-प्लाऊ (सांडलेला माल बाजूला सारणारी व्ही आकाराची पट्टी) बसवणे. ग्रीसची नळी गार्डबाहेर. साफसफाई फक्त लोटोखाली, प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप. हातमोजे खोडले. धूळ मोजायची मागणी वेगळी टाकली आहे.

शक्यतेच्या रकान्यात अजून ३ च ठेवला आहे. हे सगळं बसल्यावर ऑपरेटरांसोबतच तो आकडा ठरवू असं समितीत सांगितलं. साहेबांना लाल ओळ आवडली नाही, पण व्ही-प्लाऊ मंजूर झाला.

एक शंका राहिली. टेल पुलीला सध्या पत्र्याचा बंद गार्ड आहे, त्यामुळे आत माल साचला की दिसत नाही आणि बघायला तो काढावा लागतो. जाळीचा करायचा विचार आहे. जाळी केवढी घ्यावी?

सुतारपक्षी
लाल ठेवलात ते फार चांगलं केलंत.

जाळीसाठी भोकाचा आकार आणि जाळीपासून धोक्याच्या जागेचं अंतर यांचा मेळ घालायचा असतो. आयएसओ १३८५७ मध्ये त्याचं कोष्टक आहे. चौकोनी भोक १२ ते २० मिलिमीटरचं असेल तर जाळी धोक्याच्या बिंदूपासून किमान १२० मिलिमीटर दूर हवी, कारण तेवढ्या भोकातून बोटं आत जातात. भोक ४० च्या वर गेलं की संपूर्ण हात जातो आणि अंतर ८५० लागतं. तेवढी जागा तुमच्याकडे बहुधा नसणार, म्हणून बारीक जाळी घ्या. पण मालाचे खडे अडकून ती बुजणार नाही एवढी मोकळी ठेवा. खालची बाजूही बंद करा. बहुतेक लोक पुढून आणि बाजूने जाळी लावतात आणि खालून हात जायला जागा सोडतात, सांडलेला माल खालूनच ओढला जातो.

रेवती_पाळी२
आणि जाळी बिजागरीवर बसवा, उघडायला अवजार लागेल असं कुलूप ठेवा. सुटा गार्ड जड असतो. एकदा काढला की परत उचलून लावायला दोन माणसं लागतात आणि रात्रपाळीला दुसरा माणूस मिळत नाही.

कुलूपकिल्ली
रेवतीताई म्हणतात तसं बिजागरीवर केलंत तर इन्टरलॉकही टाका. फक्त तो साधा लोहचुंबकाचा घेऊ नका, खिशातला कुठलाही चुंबक त्याला फसवतो. कोडेड प्रकारचा घ्या. आणि इन्टरलॉक बसला तरी साफसफाईला कुलूप लागेलच, हे शीटमध्ये त्याच ओळीत लिहा.

कातळवाट
लिहिलं. जाळीचं मोजमाप घ्यायला उद्या फिटरसोबत जातोय, दोन्ही पाळ्यांतले एकेक ऑपरेटर बरोबर आहेत.